रंगमास्तरांच्या सात वह्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कारखान्यांसाठी संगणकप्रणाली आखणे (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. दमले आहे, पण ते वेगळे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. माझ्या आजारपणात तिने सगळे केले; मी तिचे काही केले नाही. भाचा जुना संगणक मागेल, तो द्यावा. चालत नाही हे आधी सांगू नये.

२. कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकांना काही नाही. माझ्या आराखड्यावर त्यांनी स्वतःची सही ठोकली, त्याचा राग केव्हाच विरला. खालच्या कलमातल्या गोष्टीचा विरलेला नाही, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे.

३. कपाटातल्या सात वह्या. त्या कारखान्यात एक रंगमास्तर होते. कोणती ऑर्डर कोणत्या टाकीत, कोणत्या रंगामागून कोणता, दमट हवेत कोणत्या गिऱ्हाइकाला थांबवायचे, सगळे त्यांच्या डोक्यात. चौदा महिने मी त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसले, विचारत गेले, लिहीत गेले. त्यातून चारशे बारा नियम निघाले आणि त्यांवर प्रणाली उभी राहिली. ती उत्तम चालली, म्हणून रंगमास्तरांना घरी बसवले. हे ठरल्याचे मला पंधरा दिवस आधी कळले होते. ते पंधराही दिवस मी त्यांच्याशेजारी बसून उरलेसुरले लिहून घेतले आणि त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही.

महिन्याने त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले. मी माफीचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बरं झालं आलात. एक सांगायचं राहूनच गेलं. पाणी बदललं की आधी चिंधी बुडवून बघायची. नाहीतर अख्खा माल वाया जाईल."

मी वही काढली आणि लिहून घेतले. माफी राहिली. वर्षभरात ते गेले.

वह्या त्यांच्या मुलीला द्याव्यात. एका कॉलेजने त्या शिकवण्यासाठी मागितल्या आहेत. कॉलेजने तिला विचारावे. अक्षर माझे, ज्ञान तिच्या वडिलांचे. तिने जाळल्या तरी कोणी अडवू नये.

वह्या हातात देण्याआधी बहिणीने तिला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. पंधरा दिवसांचे वाक्य गाळू नये.

लिहून देणारीची सही

आमच्यासमोर सही झाली:
१) शेजारच्या दंतवैद्य बाई
२) खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी