नडगीतला रॉड

१२ फेब्रुवारी २००४
पायातून पुन्हा पू. मागच्या उन्हाळ्यात महाळुंग्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, मी माइकवरून बैलगाड्या पुकारत होतो. “पब्लिक, मागं सरका!” पब्लिक सरकली. पुकारणारा नाही सरकला. बैलांनी नडगी मोडली, पुण्याला हाडात रॉड घातला. तेव्हापासून गावभर सांगत हिंडलो — सावळेराम आता लोखंडाचा. लोखंड गळायला लागलं.

१३ फेब्रुवारी
कोंडाबाई रोज पट्टी बदलते. आज नाकाला पदर लावला. बायकोनं इतक्या थोडक्यात कधी सुनावलं नव्हतं.

२ मार्च
गोळ्या घेतल्या की पू थांबतो, संपल्या की हजर. शेजारचा गेणभाऊ म्हणाला, “नजर लागली राव. लई बोलता तुमी.” नजरेचं माहीत नाही, दुसरं खरं आहे.

९ मार्च, पुणे
डॉक्टरांना विचारलं, बैलाच्या शिंगाचे जंतू का? म्हणाले, “नाही, तुमच्याच कातडीवरचे. तिथं ते कुणाला त्रास देत नाहीत. रॉडवर बसले की मात्र चिकटतात, आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात. रांजणाला आतून धरतो ना, तसा. त्या थरात औषध पोचत नाही. रॉड काढावाच लागेल.”
कोंडाबाई म्हणाली, “म्हंजी ह्यांचंच ह्यांना बाधलं.”
डॉक्टर हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग साखर तपासली. जत्रेतले पेढे रक्तात सापडले.

१७ मार्च
रॉड काढला. बघायला मागितला. मला वाटलं, हिरवं-काळं काहीतरी लडबडलेलं असेल. चांगला चकचकीत होता. एवढ्या साध्या दिसणाऱ्या वस्तूनं मला झोपवलं, ह्याचाच राग आला.

१९ मार्च
हाड जुळलेलंच नाही. खालचं बरंचसं मेलंय. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक — मेलेलं कापायचं, पायाला बाहेरून कड्यांचा पिंजरा, वर्ष-दीड वर्ष, पुन्हा पुन्हा ऑपरेशन. साखरेमुळं जखमा भरतील का, सांगता येत नाही. दुसरी वाट त्यांनी हळू आवाजात सांगितली.
घाटात हजार माणसांपुढं माझा आवाज अडला नाही कधी. आज ‘विचार करून सांगतो’ एवढंही धड निघालं नाही.

२० मार्च
कोंडाबाईला म्हटलं, “तू सांग.”
“पाय तुमचा हाये.”
“पट्ट्या तू केल्या.”
तिनं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाली, “मला तुमी पायजेल. बाकी किती का ऱ्हाईना.”
सही केली. अक्षर नेहमीसारखंच घाण.

२४ मार्च
शुद्धीवर आलो. कोंडाबाई वाकून विचारत होती, “कुठं दुखतंय?”
म्हटलं, “उजव्या पायाचा अंगठा.”
ती चादरीकडं बघत राहिली. तिथं चादर सपाट होती.
आधी मला हसू आलं, मग तिलाही. मग ती थांबेचना, आणि ते हसणं नव्हतं.