मिन्स्कसाठी घातलेलं गाऱ्हाणं

बाबा, उद्या सकाळी माझ्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मला देवाकडे काही मागता येत नाहीये. तुमच्यामुळे. रागावू नका, म्हणजे रागावलात तरी आता काय करणार आहात? डॉक्टर चांगला आहे, हॉस्पिटल चांगलं आहे, मुलगा रोज फोन करून इंग्रजीत मला धीर देतो. शेजारची केरळी बाई चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. खालचा वॉचमन लिफ्टचं दार धरून "इंशाल्ला, मॅडम, सब ठीक होगा" म्हणाला. ज्याला त्याला माझ्या नवऱ्यासाठी काही ना काही मागता येतंय. आणि मी, जिच्या माहेरच्या घराकडे अख्ख्या गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान, ती तोंड शिवल्यासारखी बसले आहे. आज सकाळी इथे बहरीनमध्ये, सीफच्या मॉलमध्ये नारळसुद्धा बघितला. शेंडी साफ काढलेला, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. असला नारळ देवापुढे ठेवला असता तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं. मग टॅक्सी करून जुन्या बाजारात, सूकमध्ये गेले, देवळाजवळच्या दुकानातून शेंडीवाला आणला. तो स्वयंपाकघरात ओट्यावर आहे आणि मी त्याच्याकडे बघत हे लिहिते आहे.

बाब अल बहरीनच्या मागची आपली ती खोली तुम्हाला आठवते का? जिना इतका अरुंद की आईचं कपाट दोरीने खिडकीतून वर घ्यावं लागलं होतं. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करायचात आणि आपल्या खोलीतला एसी मात्र तुम्हाला कधी धड जमला नाही. आई म्हणायची, "मुलखाक थंड करता आणि आमका उकडता." संध्याकाळी तुम्ही आंघोळ करून, कानाला लावायच्या आधी ट्रान्झिस्टर एकदा थोपटायचात. त्यावर मॉस्कोहून मराठी कार्यक्रम लागायचा. कुठली बर्फातली माणसं, पण आपल्या मास्तरांपेक्षा शुद्ध मराठी बोलायची, आणि त्या बेटावर अंधार पडल्यावर घराबाहेरचा तेवढाच एक मराठी आवाज आपल्याला ऐकू यायचा. तुम्हाला त्यांच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. कंपनीतल्या एकाने "मॉस्को ऐकतोस, व्हिसा जाईल" अशी भीती घातली, तेव्हा तुम्ही फक्त आवाज कमी केलात.

माझी धाकटी बहीण तेव्हा अंथरुणाला खिळली नव्हती अजून, पण तिला धावायची बंदी होती. हृदयाची झडप खराब, ताप येऊन गेल्यानंतरची. मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल असं इथल्या डॉक्टरने सांगितलेलं. ती खिडकीत बसून खालच्या बोळात फुटबॉल खेळणाऱ्या बहरीनी पोरांवर ओरडायची, आणि अरबीत अशा शिव्या द्यायची की एकदा बेकरीवाला वर तक्रार घेऊन आला. एका संध्याकाळी कोल्हापूरच्या कुणा श्रोत्याने मॉस्कोवाल्यांना तिथल्या फुटबॉलबद्दल प्रश्न विचारला होता. उत्तरात मिन्स्क नावाच्या शहराच्या क्लबाची गोष्ट आली. महायुद्धात ते शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं, तरी युद्ध संपता संपता तिथे पुन्हा संघ उभा राहिला. पोलिसखात्याच्या आसऱ्याने चालणारा क्लब, खेळाडू बहुतेक त्याच मुलखातले. नुकताच, म्हणजे त्या सत्तरच्या दशकात, तो पहिल्या वर्गातून खाली दुसऱ्या वर्गात घसरला, वर आला, पुन्हा घसरला आणि पुन्हा वर आला. "म्हणजे हवालदारांचो संघ," तुम्ही हसलात. "पडता आणि उठता, पडता आणि उठता. ह्येंका कोणी सरळ उभ्या रवाक शिकवल्यान नाय?" धाकटी हसली नाही. तिने विचारलं, "बाबा, दोनदा पडले, मग दोनदा उठले ना?" त्या दिवसापासून मिन्स्क आपल्या घरातला झाला. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने निळा-पांढरा शर्ट रंगवला आणि भिंतीला लावला. त्या शर्टाचा रंग तिला कुणी सांगितला होता कोण जाणे, पण बरोबर होता, मी पुढे फोनवर बघितलं.

मग ते वर्ष आलं. वर्षभर ती खचत होती आणि मिन्स्क चढत होता. पायांवर सूज, बोलताना दम, जिना उतरणं बंद. तुमचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, रजा मॅनेजरच्या मर्जीवर, आणि मॅनेजर रोज म्हणणार, "बुकरा, इंशाल्ला." उद्या, देवाची इच्छा असेल तर. तुम्ही त्याच्या दारात उन्हात उभे राहायचात. घरी येऊन सांगायचात, "झालांच समज." शेवटी खरंच झालं. मुंबईच्या हॉस्पिटलने तारीख दिली, तिकिटं हातात आली, आईने बॅग भरायला घेतली. मला आठवतं, त्या रात्री तुम्ही जेवताना दुसऱ्यांदा भात मागितलात. किती महिन्यांनी.

आणि तो शुक्रवार. बहरीनला कामाला आलेले गावचे आणि आजूबाजूच्या वाड्यांतले सगळे पुरुष आपल्या खोलीत जमले आहेत. निघायच्या आधी धाकटीसाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलंय. नारळ आणलाय, आईने पाट मांडलाय, कुणी वेलचीची केळी आणली आहेत. धाकटी उशांना टेकून बसली आहे आणि तिचं सगळं लक्ष ट्रान्झिस्टरकडे. त्या दिवशी मॉस्कोत शेवटचा सामना होता. मिन्स्क जिंकला तर त्या अफाट देशाचा चॅम्पियन, पहिल्यांदाच. आठवडाभर आधी तिथला सगळ्यात मोठा पुढारी वारला होता, रेडिओवर नुसते रडके सूर वाजत होते, आणि सामना रद्द होतो की काय म्हणून ही बाई जेवली नव्हती. तुम्ही नारळ हातात घेतलात तशी ती म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी नको. मिन्स्क जिंकू दे म्हणून घाला."

सगळे हसले. आई नाही हसली. "अवो, तिचा काय आयकतास? ती खुळी आसा," आई म्हणाली. धाकटीला दम लागला होता, तरी तिने तुम्हाला समजावून सांगितलं, अगदी दुकानदाराला सांगावं तसं. "माझी तिकिटं झाली ना? डॉक्टरपण आहे, तारीखपण आहे. मिन्स्कचं काय? त्यांचं कोण मागणार? तिथे देवाला मानत नाहीत." एक काका म्हणाला, दोन्ही मागून टाका की. पण तुमचा नियम होता, आजोबांपासूनचा, एका नारळाला एकच मागणं. दुसरं घुसवलं की देवाला पहिलंही खोटं वाटतं, असं तुम्ही सांगायचात. तुम्ही आईकडे बघितलंत, मग धाकटीकडे. तिचे ओठ निळसर पडले होते आणि डोळे असे चमकत होते की तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसती. "हिचां पुढल्या शुक्रवारी घालूया," तुम्ही आईला हळूच म्हणालात. "जावच्या आदल्या दिवशी. तांच बरां."

आणि तुम्ही आवाज लावलात. "बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखात तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली आसत म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "थंय लांब रशियात मिन्स्क म्हणान एक गाव आसा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "त्या गावची पोरां आज मॉस्कोच्या मैदानात उतारतली. तेंच्या पायाक यश दी म्हाराजा! तेंच्या वाटेत कोण आडवो येत आसात, तर तेका बाजूक कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" पुरुषांना हसू आवरत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. ड्रायव्हर, वेल्डर, हॉटेलातले कूक, सगळे मिन्स्कसाठी ओरडत होते. मीही ओरडले. धाकटीने डोळे मिटून हात जोडले होते.

ते जिंकले. एका गोलने. आपल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. त्या शुद्ध मराठी आवाजाने सांगितलं, आणि धाकटीने तुमचा हात पकडून म्हटलं, "बघितलंत? ऐकतो तो." तुम्ही तिला उचलून खोलीभर फिरवलंत, आणि आई "अवो, तिका दम लागतलो" म्हणत मागे धावत होती, आणि आई पण हसत होती. त्या घरातलं ते शेवटचं हसणं.

पुढचा शुक्रवार आलाच नाही. म्हणजे आला, पण तिच्याशिवाय. बॅग तशीच भरलेली होती. ज्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं तेच सगळे तिला न्यायला आले आणि जिना अरुंद म्हणून तुम्ही तिला एकट्याने हातांवर घेऊन उतरलात. आई तुमच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचे दिवस झाल्यावर, मागितलंत ते मिळालं ना, एवढंच ती म्हणाली, "तुमी मागलास तां गावला मां?" आणि उठून भांडी घासायला बसली. तुम्ही ट्रान्झिस्टरमधले सेल काढलेत आणि तो कपाटावर ठेवून दिलात. सुट्टीत गावी गेलो तेव्हा देवळात गाऱ्हाण्याची वेळ आली आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहिलात. मान चुलत्याकडे गेला. तुम्ही मागणं सोडलंत, मागून नुसतं व्हय म्हाराजा म्हणत राहिलात.

पुढे हमद टाउनची घरं बांधून होत होती तेव्हा तुम्हाला तिकडे काम लागलं. एकदा मी डबा घेऊन आले होते. तुम्ही गच्चीवर, पाना हातात, खाली एकसारखी घरं आणि वाळू. मी कॉलेजला जायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. म्हटलं, बाबा, तो डॉक्टरांचा विषय होता, झडपेचा, फुटबॉलचा त्याच्याशी काय संबंध? तुम्ही पाना खाली ठेवलात. "नाय आयकल्यान असता तर मी म्हटला असता, थंय कोण नाय," तुम्ही म्हणालात. "पण तेणां आयकल्यान गो. तांच वायट." मग डबा उघडलात आणि जेवलात. तुम्ही गेलात, आई गेली, तो देश मोडला, बेलारूस वेगळा झाला, आणि तुमचा हवालदारांचा संघ आता स्वतःच्या छोट्या लीगमध्ये खेळतो. मधे बरीच वर्षं दुसऱ्याच गावचा संघ सारखा जिंकत होता. मला हे माहीत आहे कारण मी बघते. दर आठवड्याला. नवरा विचारतो, तुला फुटबॉलमधलं काय कळतं? काही कळत नाही. मी फक्त बघते की ते जिंकले का, आणि जिंकले की फोन पालथा घालून घरातली माणसं ठीक आहेत ना ते बघून येते.

बाबा, मी फार घाबरले आहे. तो उद्या टेबलावर असेल आणि मी बाहेर खुर्चीवर. मागावं तर ऐकलं जाण्याची भीती, न मागावं तर ऐकलं न जाण्याची. तुम्ही हे ओझं एकट्याने कसं वाहिलंत? त्या दिवशी आम्हीही ओरडलो होतो, सगळे, ते एकट्या तुमचं मागणं नव्हतं, हे तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता सांगायचं ते एवढंच. मघाशी मी लिहायची थांबले होते. ओट्यासमोर उभी राहिले, पदर घेतला आणि घातलं गाऱ्हाणं. बाईमाणसं घालतात की नाही मला माहीत नाही. मालवणी गंजली आहे, शब्द पुढेमागे झाले. मागे म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून व्हय म्हाराजा पण मीच म्हटलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या घोवाक उद्या सुखरूप भायर काड म्हाराजा." इथवर ठीक होतं. नंतर मी तुमचा नियम मोडला. उद्या संध्याकाळी मिन्स्कचा सामना आहे. एका नारळाला मी दोन मागणी घातली, बाबा. दुसरं, मिन्स्क हरू दे. धाकटी तिथे भेटत असेल तर तिला एवढं सांगू नका.