साइडकारमधली आजी

काराके, १२ मे १९९८

चि. एवारिस्त यास आजीचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघे ठीक नाहीत, पण ते माझं ऐकत नाहीत आणि मी त्यांचं. पत्र नेहमीसारखं शेजारची मिरेल लिहिते आहे. तिकडे अल्बर्टात काय खातोस ते कळव. फोनवर विचारलं की तू हवापाणी सांगतोस.

इकडे यंदाच्या मोटारसायकल फेरीचा बेत चाललाय, माझ्याच स्वयंपाकघरात. फेरीचा म्होरक्या लेआंद्र टेबलावर नकाशा पसरतो. मी त्यावर धिरड्यांची ताटली ठेवते, मग गास्पेचा अर्धा किनारा झाकून जातो. वर्गणी नेहमीप्रमाणे, आजारी पोरं घेऊन हॅलिफॅक्सच्या इस्पितळात जाणाऱ्या आईबापांच्या राहण्याखाण्याला. हिवाळ्यात मिरेलचीच धाकटी तिथे होती. काल ती माझ्या कोंबड्यांमागे धावत होती, म्हणजे बरी आहे.

कुठे थांबायचं ते मी ठरवते. पुरुषांच्या बेतात नुसतं पेट्रोल असतं. बायकांना मुतायला लागतं हे एकालाही सुचत नाही. मिरेल लाजते आहे. लिही गं.

होड्यांवर शिंपडतात तसं पाद्रीबाबा गाड्यांवरही आशीर्वादाचं पाणी शिंपडणार. गेल्या साली लेआंद्रच्या गाडीवर इतकं शिंपडलं की ती सुरूच होईना. पापं फार, असं त्याची बायकोच म्हणाली.

यंदा मीही जाणार आहे. आजोबांच्या गाडीला लेआंद्रने साइडकार जोडून दिली. चालवणार कोण, सगळे विचारतात. ठरलंय, एवढंच मी सांगते.

आणि रस्ता कड्याखालच्या वळणावरून घ्यायला लावलाय. आजोबा तिथे पावसात गाडी घसरून गेले, तेव्हापासून सगळे ते चुकवून आतून जातात. तू तुझ्या गाडीवर त्यांच्या पुढे होतास. नंतर तू गाडीला हात लावला नाहीस, आणि गावही सोडलंस. पाऊस काही तू पाडला नव्हतास, बाळा.

रीत तुला ठाऊक आहे. गेलेल्याची जागा पहिल्या रांगेत मोकळी सोडून बाकीच्यांनी निघायचं. परवा लेआंद्रने नकाशावर चमचे मांडून रांग दाखवली, मध्ये बोटभर जागा सोडली आणि म्हणाला, ही ओनेझिमची, म्हणजे तुझ्या आजोबांची. मी म्हटलं, "तो काही यायचा नाही. जागा ठेवायचीच, तर जो येऊ शकतो त्याच्यासाठी ठेवा."

लेआंद्रने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि चमचे होते तसेच राहू दिले. त्या दिवशी कॉफी ढवळायला कुणाला चमचा मिळाला नाही.

जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी चर्चसमोर साइडकारमध्ये बसलेली असेन. चालवणारा आला नाही तर गाडी हलायची नाही, आणि मलाही उतरता यायचं नाही. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.

जागा धरून बसलेली,
तुझी आजी झेलिका

नाव मिरेलने लिहिलं. खालची फुली माझ्या हातची.

✕