न धुतलेलं बनियन

चियायी, १९ मे १९८३, गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मासळीवालीचा तराजू डावीकडे पाच ग्रॅम झुकतो, तो सरळ करत होतो. अर्धवट ठेवून लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप ग्वात-किआउताईस,

धाकट्या बिंग-टिकचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फ्रिजमध्ये बर्फाशिवाय काही ठेवायला जागा नसते, ही भाऊजींची तक्रार अजून चालू आहे का? आमचा आ-सिन आता बरा आहे. (हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण नमस्काराच्या आधी बातमी लिहिणं बरं दिसत नाही. मधल्या तीन ओळींत तुझ्या पोटात गोळा आला असेल तर क्षमा कर.)

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याला ताप भरला. सिऊ-लुआन नेमकी माहेरी. तिच्या आईचा पाय मोडला आहे, आणि त्या डोंगरात फोन नाही. म्हणजे घरात एकोणीस महिन्यांचं मूल आणि मी, दोघंच. संध्याकाळी डॉक्टर लिआउंकडे नेलं. त्यांनी कान पाहिले, घसा पाहिला आणि म्हणाले, "तीन-चार दिवस ताप राहील, मग अंगावर पुरळ उठेल आणि पोरगं खेळायला लागेल. पाणी पाजत राहा." एवढंच, आणि तेही तोंडी. लिहून दिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. ताई, ज्या माणसाचा धंदा काटे दुरुस्त करण्याचा, त्यानं नुसत्या तोंडच्या मापावर कसं राहायचं?

म्हणून मी थर्मामीटर विकत आणला. त्यात एकोणचाळीस पूर्णांक दोन. एकाच मापावर निर्णय घेऊ नये म्हणून दुसरा आणला, त्यात अडतीस पूर्णांक नऊ. दोघांतला खरा कोण हे ठरवायला तिसरा आणला, तर तो तिसरंच सांगायला लागला. मग तिन्ही एकत्र तपासावेत म्हणून शेजारच्या खिमआजींनी दिलेल्या चहात बुडवले. (चहा किती गरम असतो याचा मी आजवर कधी विचारच केला नव्हता.) एक फुटला. चहा फेकून द्यावा लागला, कप आजींचा होता तोही गेला, आणि आजी म्हणाल्या, "अरे, पोराला ताप आहे की माझ्या चहाला?"

उरलेल्या दोन्हींनी मी दर पंधरा मिनिटांनी ताप मोजत होतो आणि वहीत मांडत होतो. शनिवार संपेपर्यंत आ-सिन मला पाहताच आपणहून हात वर करायला लागला. रविवारी तो दूधवाल्याला पाहूनही हात वर करायला लागला. सोमवारी डॉक्टरांना वही दाखवायला गेलो. त्यांनी सगळी पानं उलटली (मनाचा मोठेपणा म्हणायचा) आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. पण ताप मोजल्यानं उतरत नाही. शेवटचं झोपलात कधी?" मी म्हटलं, त्याची नोंद ठेवलेली नाही.

मंगळवारी सकाळी खिमआजींनी माझा ताबा घेतला. त्यांचं निदान असं की पोस्टमनच्या मोटरसायकलच्या आवाजानं बाळ दचकलं आहे आणि डॉक्टरांच्या औषधानं दचकणं जात नाही. बाजारामागच्या देवळात भीती उतरवणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे बाळाचा अंगात घातलेला, न धुतलेला कपडा न्यायचा. आता गंमत बघ. ताप आल्यापासून मी आ-सिनचा एकूण एक कपडा उकळून, वाळवून, इस्त्री करून ठेवला होता. अंगातलासुद्धा तासापूर्वीच बदललेला. आजींनी कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, यांत बाळाचा वासच नाही. देवानं ओळखायचं कुणाला?"

साऱ्या घरात न धुतलेली वस्तू एकच होती, माझं बनियन. चार दिवस आ-सिन माझ्या छातीवरच झोपत होता, त्यात दोनदा ओकलाही होता. मी मनाशी हिशेब केला की बनियनातला निम्मा तरी घाम त्याचाच असणार. त्याला आजींच्या मांडीवर देऊन, बनियनाची घडी करून निघालो. आजींना काही बोललो नाही.

बाईंचं वय सत्तरच्या पुढचं असेल. पुढे भाजीवाल्या, मागे मीठवाला अशी रांग होती, आणि सगळ्यांचे कान पुढच्याच्या बोलण्याकडे होते. बाईंनी बाळाचं नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला. वाटीभर तांदूळ घेतले, बनियन उलगडलं आणि थांबल्या.

"बाळ किती वर्षांचं म्हणालास?"

"एकोणीस महिन्यांचं."

"छाती बरी भरली आहे."

रांगेतली एक भाजीवाली म्हणाली, "दूध कुठलं पाजता हो दादा?"

मी खरं काय ते सांगितलं. मला वाटलं हाकलतील. पण बाईंनी वाटी बनियनात गुंडाळली, त्यावरून उदबत्त्या फिरवल्या, पुटपुटल्या आणि कापड सोडून तांदळाकडे बघत बसल्या. मधोमध खड्डा पडला होता. म्हणाल्या, "दचकलाय खरा. पण ही भीती मोटरसायकलची नाही, आणि चार दिवसांची तर नाहीच. हा लहानपणी कुठेतरी दचकलाय आणि तेव्हापासून डोळा मिटायला घाबरतो."

ताई, ती भीती कुठली हे तुला सांगायची गरज नाही. आई मिठागरावर होती, तू तेरा वर्षांची आणि मी सात. मला तापानं फणफणलेल्या धाकट्या भावाशेजारी, आ-होकशेजारी बसवून तू बर्फ आणायला धावलीस, जाताना म्हणालीस, "डोळे मिटू नकोस." मी मिटले. तू परत आलीस तेव्हा आपला आ-होक गेला होता. आईला तू सांगितलंस की बिंग-टिक टक्क जागा होता. मलाही इतक्या वेळा सांगितलंस की मी शाळेच्या निबंधात तसंच लिहिलं. (गुरुजींनी शुद्धलेखनाचे पूर्ण गुण दिले.) तेवीस वर्षांत त्याबद्दल तुझे आभार मानले नव्हते. आज मानतो. खरं काय ते आता मला सांगू नकोस, मला माहीत आहे.

बाईंनी देवळातलं पाणी प्यायला दिलं आणि म्हणाल्या, "त्या बाकावर जरा टेक." मी टेकलो. उठलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. मी पाच तास दहा मिनिटं झोपलो होतो आणि भाजीवालीची टोपली कुणीतरी माझ्या उशाला ठेवली होती. पळत घरी गेलो. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही, ते तुला पाठ आहे.

खिमआजी दारात बसल्या होत्या. आ-सिन त्यांच्या चपला एकमेकींवर आपटत होता. अंगभर गुलाबी पुरळ, आणि मला पाहताच हात वर. मोजलं, छत्तीस पूर्णांक सात. दोन्ही थर्मामीटर पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले.

डॉक्टर म्हणतात त्यांनी सांगितलं तसंच झालं. आजी म्हणतात देवळामुळे झालं. मी दोघांच्याही पाया पडलो, आणि त्या भाजीवालीकडून गरज नसताना दोन किलो पालक आणला. ज्याची भीती उतरवली त्यानं ते तांदूळ खायचे असतात, म्हणून मी पेज करून खाल्ली आणि परत झोपलो. मी झोपलेला असताना कुणाला काही झालं नाही, ताई. दोनदा तपासून लिहितो आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
बिंग-टिक

ता. क. १ : दुकानातल्या काट्यावर आ-सिन आधी दहा किलो चारशे ग्रॅम होता, मंगळवारी नऊ किलो आठशे पन्नास भरला. तोटा साडेपाचशे ग्रॅम. पैकी आजपर्यंत वसूल दोनशे, बाकी साडेतीनशे.

ता. क. २ : सिऊ-लुआनला यातलं काही कळवलेलं नाही. ती आलीच तर थर्मामीटर एकच आणला होता असं सांग. तुझं लोक मानतात.

ता. क. ३ : पत्र लिहिलं ते खरं म्हणजे यासाठी. निम्मे तांदूळ मी डब्यात झाकून ठेवले आहेत. आ-होक गेला त्या दिवशी त्या घरात मी एकटाच नव्हतो, आणि ज्या घरात कुणी नुसतं शिंकलं तरी फ्रिजमधून बर्फ निघतो त्या घरातही कुणीतरी दचकलेलं असणार. तुझा एक वापरलेला ब्लाउज पाठव. धुवू नकोस. मी तुला ओळखतो, तू धुशील. म्हणून भाऊजींना वेगळं पत्र टाकलं आहे की दोरीवर पोचायच्या आधीच उचला.