एकवीस तारखेनंतर जाऊ

२४ फेब्रुवारी

मीटर १८,७१०. चालू वर्षाचे झाले ११,४१० किलोमीटर. उरले ५९०. ताईंच्या गावाला जाऊन-येऊन ८२०. म्हणजे बसत नाही!

गाडीच्या लीजचं, म्हणजे भाडेकराराचं, वर्ष २० मार्चला संपतं. २१ ला नवे बारा हजार सुरू. तेव्हा जाऊ. हिला कागदावर मांडून दाखवलं. ही म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं भांडेल. ताई म्हणजे हिची सख्खी मोठी बहीण. जानेवारीपासून अंथरुणाला खिळल्यात, आणि भाचीचे फोनवर फोन — "मावशीला घेऊन या, आई विचारतेय." पण डॉक्टरांनी मे महिन्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. चार आठवड्यांनी काही बिघडत नाही.

२६ फेब्रुवारी

शेजारच्या मास्तरांनी आज पुन्हा छेडलं. "तीन वर्षं भाडं भरायचं आणि शेवटी गाडी धुऊन-पुसून त्यांची त्यांना परत! म्हणजे दुसऱ्याचं पोर सांभाळल्यासारखंच की हो!"

त्यांना लीज म्हणजे काय ते समजावता समजावता चहा गार झाला. हप्ता नाही, भाडं. विमा कंपनीचा, सर्व्हिसिंग कंपनीचं. मधेच परत केली तर भुर्दंड. पोचा आला, सीट फाटली तर आपल्या माथी. आणि किलोमीटर ठरवून दिलेले — वर्षाला बारा हजार, वर गेलात तर दर किलोमीटरला जास्तीचं. लोक फसतात ते इथेच. मी फसायचो नाही. पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचलेत. माप म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पहिल्या वर्षी ७,३०० च झाले, बाकीचे गेले वाया. तेव्हा हळहळलो होतो. या वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि मग व्यायामाच्या खेपा, त्यात काटा पुढे पळाला.

गाडीच्या खणात छोटी वही ठेवली आहे. प्रत्येक फेरी टिपलेली. मास्तर म्हणाले, "वहिनी कशा काय सहन करतात तुम्हाला!" ही आतून म्हणाली, "सवय झाली."

२८ फेब्रुवारी

भाचीचा फोन. मी बाहेरच्या खोलीत होतो. हिचं बोलणं कानावर आलं — "अगं, यांचे किलोमीटर भरलेत. हो... नाही गं, तसं चालत नाही त्यांच्याकडे. एकवीसनंतर येतो म्हणावं."

बारा वेळा सांगूनही हिला टीव्हीचा रिमोट कळत नाही. किलोमीटर मात्र बरोबर कळलेत! जरा बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

२ मार्च

आज मलाच राहवेना. मन खात होतं. दोघी बहिणी पाच वर्षं बोलत नव्हत्या — आईच्या आजारपणात सगळी उस्तवार ताईंनी एकटीने काढली, ही दोनदा पाहुण्यासारखी जाऊन आली. मग आई गेल्यावर चार माणसांत ताई नको ते बोलल्या. "तुझी आई नव्हतीच ती." तेव्हापासून बंद. या बाबतीत दोघी एकाच माळेचे मणी, मोडतील पण वाकणार नाहीत. आणि आता ताई आपणहून बोलावतायत.

म्हणून म्हटलं, "बसने जाऊ या का?"

"आठ तास बसमध्ये? या गुडघ्याने?"

"मग गाडीनेच जाऊ. होतील दोनेकशे जास्तीचे. भरू. काय फासावर देणार नाहीत."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको. तुम्हीच म्हणता ना, शिस्त म्हणजे शिस्त. एकवीसला जाऊ."

चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या शिस्तीचं पहिलं कौतुक!

५ मार्च

भाचीने आज मला फोन केला. ताईंचं जेवण सुटलंय. पण बोलतायत. खिडकीशी खाट लावून घेतली आहे. रस्त्यावर गाडी थांबली की विचारतात, "कोण आलं?"

हिला सांगितलं. ही म्हणाली, "एकवीसला सोळा दिवस उरले."

६ मार्च

गाडी धुतली. टायरमधली हवा बघून घेतली. १८,७६६.

८ मार्च

ताई गेल्या. सकाळी साडेनऊला.

१२ मार्च

परत आलो. चार दिवसांचं एकदम लिहितो.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत निघालो. वही खणातच राहिली, आकडा टिपला नाही. ही शेजारी बसून समोर बघत होती. वाटेत तीनदा थांबायला लावलं — एकदा पाणी, एकदा गुडघा, एकदा काहीच नाही. तिसऱ्यांदा नुसती उतरून कठड्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "चल, वाट बघत असतील." ही म्हणाली, "कोण बघतंय आता?"

साडेसहा तास लागले. एवढंच अंतर. पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस.

ती खाट खिडकीशीच होती. चादर काढून घेतलेली. भाची माझ्याशी नीट वागली, तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी भेटायला आलं की हिला विचारायचं, "आधी येणं झालं नाही का?" आणि ही प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत सांगायची — "यांचे किलोमीटर भरले होते." लोक मग माझ्याकडे बघायचे. एक म्हातारे गृहस्थ तर चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघत राहिले. बरोबरच आहे. मरणाच्या दारातलं माणूस एका बाजूला आणि गाडीचा काटा एका बाजूला! मी बाहेर अंगणात जाऊन खुर्च्या लावत बसलो. लावलेल्याच पुन्हा लावल्या.

ही रडली नाही. तिथे नाही, वाटेत नाही, घरी येऊनही नाही. आल्या आल्या गॅसची शेगडी घासायला घेतली.

१३ मार्च

मीटर १९,५८८. या वर्षीचे १२,२८८. दोनशे अठ्ठ्याऐंशी जास्तीचे.

बस, एवढ्यासाठी.

१५ मार्च

कशात लक्ष नाही. मास्तर येऊन बसले, काही बोलले नाहीत, निघून गेले. माणूस छेडायचा बंद झाला की समजावं आपलं काय झालंय ते.

मी वाईट माणूस आहे का? विचारायला कुणी नाही म्हणून इथे विचारतो. डॉक्टर मे म्हणाले होते. मी दोन तारखेला म्हटलं होतं, जाऊ या. पण म्हटलं ते असं म्हटलं — "भरू, काय फासावर देणार नाहीत." उपकार केल्यासारखं. बायको त्यावर काय म्हणणार! उठ, चल, असं म्हणायला हवं होतं. हात धरून गाडीत बसवायला हवं होतं.

२१ मार्च

नवं वर्ष सुरू झालं गाडीचं. बारा हजार. कुठे जायचंय आता!

जास्तीचं भरून मोकळं व्हावं म्हणून लीजच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीला वही दाखवली. तिने वही चाळली, मग माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही हे सगळं हाताने लिहिलंत?" मी म्हटलं, "दोनशे अठ्ठ्याऐंशी झालेत, किती भरायचे सांगा."

"काहीच नाही."

म्हटलं, असं कसं? तिने करार काढला, पान उलटलं, बोट ठेवलं. वर्षाला बारा हजार हा नुसता अंदाज. मोजणी एकदाच, गाडी परत करताना, तिन्ही वर्षांची मिळून. छत्तीस हजार. "तुमचे अजून वीस हजारसुद्धा नाही झाले, काका. खुशाल फिरा."

मी ते पान वाचलंच नव्हतं. पाण्याच्या मीटरला दर फेरीचं माप वेगळं. या फेरीत वाचवलेलं पुढच्या फेरीत मिळत नाही, बिल निघालं की पाटी कोरी. एकतीस वर्षं लोकांना दारात उभं राहून हेच समजावलं. करारात 'वर्षाला' वाचलं आणि पुढचं मला ठाऊकच होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पहिल्या वर्षीचे वाया गेले म्हणून हळहळत होतो ते चार हजार सातशे किलोमीटर सगळे जागच्या जागी होते. ताईंच्या दारात पाच वेळा जाऊन आलो असतो.

बाहेर येऊन गाडीत बसलो. पुन्हा उतरलो. वही तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग डब्यातून काढली. ती सुटत नाही.

२२ मार्च

काल एक लिहायचं टाळलं. ती मुलगी कॉम्प्युटरवर आमची फाइल बघता बघता म्हणाली, "पण हे मी सांगितलं होतं की! जानेवारीत, एकोणीस तारखेला. काकूंचा फोन आला होता. तीन वर्षांचे मिळून मोजता का, एवढंच विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं."

काल ऑफिसातून घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती. "काय म्हणाले? भरायला लागलं का जास्तीचं?" विचारताना माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला एकदम दिसलं — वाटेतल्या त्या कठड्याला धरून उभी होती ना, तशीच. ताईंसमोर जायची भीती वाटत होती हिला. जानेवारीपासून वाटत होती. आणि लपायला जागा मिळाली ती माझ्या शिस्तीत.

भरण्यासारखं काही नव्हतं, हे हिला माझ्याआधी ठाऊक होतं.

"भरलं," मी म्हटलं. "माझ्यामुळे राहिलं तुझं जाणं. चूक माझी."

हिने मान वर करून बघितलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ताईंसाठी पहिल्यांदा रडली.