चाळीस संज्ञा आणि एक मगदूम

१० जून १९७४
प्राचार्यांनी आज जाहीर केलं. साहित्यसंज्ञांची पुस्तिका दिवाळीपूर्वी जो लिहून देईल, त्याची कॉलेज छापणार आणि एफ.वाय.ला तीच लावणार. शर्यतीत दोघेच. मी आणि शेजारच्या टेबलावरचा नेमिनाथ मगदूम. तो शिरोळचा. भर वर्गात 'न्हाय' म्हणतो. म्हणजे शर्यत नाहीच. संज्ञा चाळीस, रोज एक. जुलैत काम फत्ते.

१२ जून
'उपमा' लिहिली. उदाहरण स्वतःचं हवं. 'मगदूमचं व्याख्यान खटारा एसटीसारखं. निघतं जोरात, पोचत कुठंच नाही.' वर्गाला डिक्टेट केलं. पोरं खूश.

३ जुलै
प्रगती शून्य. दोष माझा नाही. शेजारी रेडिओ, घरात पाहुणे, पेन गळतं. मगदूम मात्र स्टाफरूममध्ये मान खाली घालून लिहीत असतो. निर्लज्ज. उद्यापासून रोज चार.

१९ जुलै
'उपरोध' झाला. 'मगदूम सर व्यासंगी आहेत. काल त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा.' चंदना नावाच्या मुलीनं विचारलं, परीक्षेत असंच लिहायचं का. म्हटलं, शब्दन् शब्द.

८ ऑगस्ट
'अतिशयोक्ती' : 'मगदूमला मराठी येतं.' यापुढं पेन हलेना. पद्मजा म्हणते, चाळीस संज्ञांना एकच माणूस पुरणार हाय व्हय? बायकोला साहित्यातलं काय कळतंय.

३० सप्टेंबर
सहामाही. दोघांनी एकमेकांच्या वर्गाचे पेपर तपासायचे, असा ऐनवेळी हुकूम. उत्तम! मगदूमच्या वर्गाला झोपवतो.

७ ऑक्टोबर, सकाळी ११
घात झाला. बहात्तर पोरांनी माझी उदाहरणं जशीच्या तशी उतरवली. चंदनानं तर खाली 'इति इनामदार सर' असंही लिहिलंय. मठ्ठ कुठली! मगदूमनं सगळ्यांना पूर्ण मार्क देऊन गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. पोरांचं पाठांतर झ्याक हाय की, म्हणाला. एवढंच. भांडायला तरी यायचं! भेकड.

२ डिसेंबर
पुस्तिका त्याची लागली. त्याच्या चाळीस, माझ्या तीन. प्राचार्यांना अक्कल कमी.
छापील प्रत हातात आल्यावर दार लावून बसलो. माझी बदनामी शोधून काढायची, आणि सापडली की सरळ कोर्टात खेचायचा. 'उपहास' पाहिला. 'विडंबन' पाहिलं. 'खलनायक' तर दोनदा वाचला. सगळी उदाहरणं ऊस, नदी, पूर, ट्रॅक्टर यांची. माझं नाव कुठंच नाही. आडूनसुद्धा नाही.
इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. फार लागलं.
सोमवारपासून हेच पुस्तक मला शिकवायचं आहे.