माझ्या मरणाची घोषणा भाच्याने करावी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा भोंग्याच्या गाडीवरून घोषणा करणे, पुलाच्या दोन्ही बाजूंना 'भोंगा आत्या' म्हणून ओळखली जाणारी, माझ्यामागे कशाचं काय करावं हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे: रक्तदाब वाढलेला, डोकं ठिकाणावर. माझ्यावर दबाव आहे, पण तो हे लिहिण्यासाठी नाही, तोंड बंद ठेवण्यासाठी आहे.

कारण नोंदवते. आमच्या बाजूचा एक मुलगा मोटरसायकलवरून घसरून ट्रकखाली गेला. हॉस्पिटलात त्याने प्राण सोडला न सोडला तोच बोभाटा झाला की पलीकडच्यांनी ढकललं. पोरं सुरे घेऊन पुलाच्या तोंडाशी जमली. मी हॉस्पिटलात जाऊन त्याच्या आईचा आवाज रेकॉर्ड केला आणि दोन्ही वस्त्यांत फिरवला: "माझा मुलगा घसरून पडला. शुद्धीत होता तेव्हा त्यानंच मला सांगितलं. त्याच्या नावानं कोणाला हात लावू नका." पोरं पांगली. ज्यांना ती पांगायला नको होती त्यांनी माझी खिडकी फोडली, भोंग्याची वायर कापली आणि निरोप ठेवला की पुन्हा भोंगा वाजला तर भोंगावाली राहणार नाही. उद्या संध्याकाळी त्या मुलाची शोकसभा आहे. वायर जोडून झाली आहे. मी जाणार आहे.

१. दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या भाच्याला मिळावं. भाऊ-वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडेच वाढला. हल्ली त्याच्या गादीखाली सुरा असतो. चादर मी बदलते, मला कसं कळणार नाही? विचारलं तर म्हणाला, "तुझ्यासाठीच ठेवलाय, आत्या." मी म्हटलं, माझ्यासाठी काही ठेवायचंच तर दाराशी छत्री ठेव, रोज शोधावी लागते. तो हसला नाही.

घराला एक अट आहे. मला कोणी मारलं आणि भाच्याने त्याचा सूड म्हणून कोणावर हात उचलला, तर ज्याच्यावर उचलला त्याच्या आईला हे घर जाईल. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटलं, राहू द्या. पोराच्या डोक्यात टिकली तरी पुरे.

२. बँकेत जे उरलं असेल तेही त्यालाच. कमी वाटलं तर माझ्या नावाने बोटं मोडावीत, दुसऱ्या कोणाच्या नाही.

३. गाडी, भोंगे आणि माईक नगरपालिकेच्या मोहिमेतल्या बाईंना द्यावेत. तरुणांमधली हाणामारी थांबवायची ही मोहीम त्याच चालवतात. पहिल्या वर्षी मोहिमेने मेलेल्या पोरांचे मोठाले चेहरे चौकाचौकात लावले होते, खाली बारीक अक्षरात 'थांबा'. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई मात्र दोन दिवस फलकासमोरच्या टपरीवर बसून राहिल्या. पोरं तिथे फोटो काढून घेत होती आणि म्हणत होती, "मेलो तर आपलाही एवढाच मोठा लागणार." बाईंनी सगळे फलक उतरवले आणि मला येऊन म्हणाल्या, "आत्या, चेहरा नको. आवाज द्या, आणि तोही आईचा." तेव्हापासून आमची हीच रीत आहे.

बाईंसाठी सूचना: गाडी माणसाच्या चालीने न्यावी. एक वाक्य दोन दारांच्या आत संपलं पाहिजे, नाहीतर पुढच्याला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तो मनाने जोडतो. माईकमध्ये फुंकर मारू नये.

४. माझे दीर फलक छापतात. ट्रकखाली गेलेल्या मुलाचा देह घरी यायच्या आत त्यांचा फलक तयार होता: ढग, सिंह, आणि 'तुझं रक्त वाया जाणार नाही'. "वहिनी, गिऱ्हाईक सांगेल ते छापतो, आपल्याला काय?" असं म्हणाले. त्यांच्यासाठी मी माझी शिडी ठेवते, फलक उतरवायला उपयोगी पडेल. माझा चेहरा त्यांनी कुठेही छापू नये. सिंहाशेजारी तर मुळीच नको.

५. आता मुख्य गोष्ट. माझ्या मरणाची घोषणा मी स्वतःच रेकॉर्ड करून ठेवली आहे. पेनड्राइव्ह गाडीत आरशाला टांगला आहे. मला काही झालं तर कोणी जमायच्या आत भाच्याने स्वतः गाडी चालवत ती पुलापलीकडे शेवटच्या गल्लीपर्यंत वाजवत न्यावी. खिसे रिकामे ठेवून. मरणाची मला भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण माझ्यानंतरच्या पहिल्या तासात हा पोरगा काय करेल, याची जास्त वाटते. त्या तासात त्याचे हात स्टिअरिंगवर हवेत.

घोषणा अशी आहे: "ऐका. मी भोंगा आत्या बोलतेय. मी गेले. कोणी मारलं ते मला ठाऊक नाही, म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. ते पोलीस बघतील. दुकानं उघडी ठेवा. पोरांना आत घ्या. गाडी चालवतोय तो माझा भाचा आहे. त्याला वाट द्या."

याच्या शेवटी मागून भाच्याचा आवाज आला आहे: "आत्या, कोणाशी बोलतेयस? चल ना जेवायला, मी थांबलोय." तो पुसू नये. गादीखाली सुरा ठेवणारा पोरगा घरात कसा बोलतो, ते दोन्ही वस्त्यांनी ऐकावं. आणि गाडी चालवताना त्यानेही.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: राहतं घर, फुटक्या खिडकीची खोली
दिनांक: १४, गुरुवार

(सही) भोंगा आत्या

साक्षीदार:
१. (सही) मोहिमेतल्या बाई
२. (सही) न्हावी, पुलापलीकडचे. भाच्याचं जावळ मीच काढलं होतं. गाडीत त्याच्या शेजारी मी बसेन.